बोले ठराव, १९२३: पास झाल्यानंतर पुढं काय झालं

निवडणूक जवळ आली की आमदारांची प्रगतिपुस्तकं फिरायला लागतात. किती प्रश्न विचारले, हजेरी किती टक्के, किती अशासकीय विधेयकं मांडली, किती ठराव आणले. या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, काहीच माहिती नसण्यापेक्षा एवढं तरी कळतं हे चांगलंच, पण त्यातून एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे सभागृहात मंजूर झालेलं काम बाहेर पडल्यावर त्याचं काय झालं आणि ते आणणारा माणूस नंतर त्याच्या मागे लागला की विसरून गेला. म्हणून इथं एकच प्रकरण घेतो आणि ते पार टोकापर्यंत बघतो. प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आपल्याच मुंबई कायदेमंडळातलं आहे, आणि त्याचा शेवटचा निकाल लागायला मूळ ठरावापासून साडेतेरा वर्षं लागली.

माणूस म्हणजे सीताराम केशव बोले. रावबहादूर बोले. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक रोज ज्या रस्त्यानं जातात त्याला यांचंच नाव आहे, एस. के. बोले रोड, पण ते कोण होते हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. भंडारी समाजातले, मुंबईच्या गिरणी कामगारांत काम केलेले, १९०९ साली कामगार हितवर्धक सभा सुरू करणाऱ्यांपैकी एक. आणि अजून एक, १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक पास झाला तेव्हा त्याच्या कौतुकाची सभा झाली होती, तिचे अध्यक्ष हेच बोले होते. पुढं वीस वर्षांनी या दोघांची नावं एकाच प्रकरणात जोडली जाणार होती.

आता त्या काळचं कायदेमंडळ कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा गुंता कळत नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्यानं प्रांतांना जरा मोठी कायदेमंडळं मिळाली, काही खाती निवडून आलेल्यांमधल्या मंत्र्यांकडे दिली, त्यात स्थानिक स्वराज्य हे खातं होतं. मतदानाचा हक्क मात्र सगळ्यांना नव्हता, मालमत्ता, सारा, कर असल्या अटींवर होता, म्हणजे मतदार कोण तर गावातला-शहरातला खाऊनपिऊन सुखी वर्ग. आणि सभासदानं ठराव आणला आणि तो बहुमतानं पास झाला तरी तो सरकारला केलेली शिफारस, एवढीच त्याची किंमत. सरकारनं मानली तर मानली.

असल्या सभागृहात ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव मंजूर झाला. त्यात म्हटलं होतं की सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले, किंवा सरकारनं नेमलेल्या अथवा कायद्यानं तयार झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, ऑफिसं आणि दवाखाने वापरायची मुभा अस्पृश्य वर्गाला असावी.

हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय आणि दरवेळी त्याच्या बांधणीचं मला कौतुक वाटतं. यात शास्त्र काय म्हणतं, पाप काय पुण्य काय, यावर एक अक्षर नाही. देवळाचं नाव नाही. कसोटी एकच, पैसा कुणाचा लागलाय आणि ताबा कुणाचा आहे. सार्वजनिक पैसा लागला असेल तर जागा सार्वजनिक, आणि सार्वजनिक असेल तर सगळ्यांची. धर्मावर वाद घातला असता तर तो वाद कधी संपलाच नसता, दोन्हीकडून श्लोक निघाले असते. पैशावर आणि मालकीवर वाद नेला की मग तो ऑफिसातल्या कागदांवर सोडवता येतो. विरोध करणाऱ्याला आता एकच वाट उरते, ही जागा सार्वजनिक नाहीच असं म्हणायची. आणि पुढं महाडला त्यांनी नेमकं तेच म्हटलं.

दुसरं, त्या यादीकडे बघा. पाणी, मुक्कामाची जागा, शाळा, कोर्ट, दवाखाना. माणसाला जगायला आणि न्याय मागायला लागणाऱ्या गोष्टी आहेत या. याला आजच्या भाषेत सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षिततेचा विषय म्हणता येईल आणि त्यात काही ओढूनताणून नाही, कारण पाणवठा बंद म्हणजे घाण पाणी प्यायचं, दवाखाना बंद म्हणजे घरीच मरायचं.

ठराव पास झाला. पुढं काय?

सरकारनं फार वेळ लावला नाही. ११ सप्टेंबर १९२३ ला आदेश निघाला. आणि सगळी गोम या आदेशात आहे, म्हणून इथं जरा थांबतो. आदेशाचे दोन भाग होते. पहिला, सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या आणि सरकार चालवतंय अशा जागा आणि संस्था, त्यांच्या बाबतीत सगळ्या खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी. हा स्पष्ट हुकूम झाला. दुसरा भाग स्थानिक संस्थांचा, म्हणजे म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डं. त्यांच्या बाबतीत काय, तर कलेक्टरांनी आपापल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना असा सल्ला द्यावा की ही शिफारस स्वीकारणं इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा.

म्हणजे कायदेमंडळानं सरकारला शिफारस केली, सरकारनं कलेक्टरला सांगितलं की सल्ला द्या, कलेक्टरनं म्युनिसिपालटीला सांगायचं की विचार करा. तीन हात बदलून गोष्ट शेवटी जिथं पोचायची तिथं ती कुणावरच बंधनकारक राहिली नाही. आणि गावोगावची तळी, विहिरी, पाणवठे, शाळा, धर्मशाळा होत्या कुणाकडे? बऱ्याचशा याच स्थानिक संस्थांकडे! जिथं हुकूम होता तिथं पाणवठे कमी, आणि जिथं पाणवठे होते तिथं नुसता सल्ला.

याला कुणाचा तरी कावा म्हणायची घाई मी करणार नाही. स्थानिक संस्था स्वायत्त असतात, त्यांच्या कारभारात प्रांतानं हात घालू नये, हा विचार तेव्हाही होता आणि आजही आहे आणि एरवी तो बरोबरच आहे. पण मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तेव्हा ज्या माणसाला मतच नाही त्याचं पाणी मतदारांच्या मर्जीवर सोडणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. सल्ला ऐकला नाही तर काय, हे आदेशात कुठंच नव्हतं. मुदत नव्हती, अहवाल मागवलेला नव्हता, दंड नव्हता.

तरीही काही ठिकाणी हालचाल झाली. कुलाबा जिल्ह्यातल्या महाडच्या म्युनिसिपालटीनं ५ जानेवारी १९२४ ला ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करायला आपली हरकत नाही. सरकारी आदेशानंतर चार महिन्यांच्या आत. आजच्या प्रगतिपुस्तकात हे शंभर टक्के यश म्हणून छापून आलं असतं, प्रांताच्या सभागृहात ठराव, सरकारचा आदेश, नगरपालिकेचा ठराव, तिन्ही पायऱ्या पूर्ण. आणि तळ्यावर? तळ्यावर काहीही बदललं नाही. कुणी पाणी भरायला गेलं नाही, कारण गेलं तर काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. तळ्याच्या चारी बाजूंनी म्युनिसिपालटीचे रस्ते आणि त्यापलीकडे घरं सवर्णांची, थोडी मुसलमानांची, अस्पृश्य वस्ती जवळपास कुठंच नाही. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या आणि पाण्यात उतरायच्या पायऱ्यासुद्धा बऱ्याच ठिकाणी त्याच घरमालकांच्या. हे वर्णन पुढं हायकोर्टाच्या निकालात आलंय, चार ते पाच एकरांचं तळं, निदान अडीचशे वर्षं जुनं. अशा ठिकाणी एकट्यादुकट्या माणसानं घागर घेऊन उतरायचं, कागदावर म्युनिसिपालटीची हरकत नाही एवढ्या भरवशावर? कोण उतरेल?

दुसरा ठराव

इथं बहुतेक लोकप्रतिनिधी थांबतात. ठराव पास झाला, फोटो आला, अहवालात ओळ आली, पुढचा विषय. बोले थांबले नाहीत आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण पहिल्या ठरावापेक्षा इथं जास्त दिसतं. बरोबर तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ ला, त्यांचा दुसरा ठराव त्याच सभागृहात मंजूर झाला. मधल्या काळात कायदेमंडळाची एक निवडणूक होऊन गेलेली, दुसरी तोंडावर आलेली. ठरावाचं म्हणणं सरळ होतं, ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव आपल्या हद्दीत लागू करायला ज्या म्युनिसिपालट्या आणि स्थानिक संस्था नकार देतील त्यांना सरकारनं अनुदान देऊ नये.

पहिल्या ठरावात सार्वजनिक पैसा ही कसोटी होती, दुसऱ्यात तोच पैसा अंमलबजावणीचं हत्यार झाला. तर्क तोच, पण आता त्याला धार आली. सार्वजनिक पैसा घेता ना, मग जागा सगळ्यांना खुली ठेवा, ठेवायची नसेल तर पैसा मागू नका. स्थानिक संस्थेच्या स्वायत्ततेला यात हात लागत नाही, तिचा निर्णय ती घेऊच शकते, फक्त प्रांताच्या तिजोरीतून त्या निर्णयाचा खर्च भागवला जाणार नाही. शाळा आणि रस्ते अनुदानावर चालतात, तेव्हा अनुदान थांबेल म्हटलं की म्युनिसिपालटीतला हिशेब बघणारा माणूस पण या विषयात रस घ्यायला लागतो. नीती पटत नसली तरी बजेट सगळ्यांना कळतं.

पण हाही ठरावच होता. शिफारस. आणि त्यात एक फट राहिली जी मला आज वाचताना स्पष्ट दिसते. शिक्षा होती नकार देणाऱ्या संस्थेला. महाडनं नकार दिलाच नव्हता! महाडनं तर होकाराचा ठराव करून ठेवला होता. कागदावर होकार, प्रत्यक्षात बंदी, या अवस्थेवर अनुदान बंदीची मात्रा लागूच पडत नाही. कुणी जाऊन बघायला हवं होतं की खरंच लोक पाणी भरतात का, आणि असं बघायला पाठवायची तरतूद दोन्ही ठरावांत नव्हती.

महाड

ते बघायचं काम मग लोकांनीच केलं. १९२७ च्या सुरुवातीला डॉ. आंबेडकर स्वतः मुंबई कायदेमंडळाचे नेमलेले सभासद झाले होते, म्हणजे मार्चमध्ये महाडला आले तेव्हा ते आमदारच होते, ही गोष्ट आपण विसरतो. १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळी तयारीत होती. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पाणी लागणार, आणि गावात पाण्यानं भरलेलं, म्युनिसिपालटीनं तीन वर्षांपूर्वी खुलं केलेलं तळं असताना परिषदेनं ४० रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घेतलं. सगळे आदेश, ठराव एका बाजूला आणि हे पाण्याचं बिल एका बाजूला. अंमलबजावणीचा अहवाल म्हणून यापेक्षा नेमकं काही सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली असताना चित्र्यांनी विषय काढला की कायदेमंडळाचा ठराव आहे, म्युनिसिपालटीचा ठराव आहे, तर आत्ताच सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ. आणि लोक निघाले. रांगेनं, शिस्तीनं, बाजारातून चालत तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी घेतलं, परत मांडवात आले. नंतर गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत असलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. बायका, म्हातारी माणसं कुणाला सोडलं नाही. मग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतून.

हा सगळा भाग लोकांना माहीत असतो म्हणून जास्त लांबवत नाही. मला सांगायचंय ते वेगळं. त्या दिवशी तळ्यावर गेलेले लोक कायदा मोडत नव्हते, सभागृहानं आणि म्युनिसिपालटीनं आधीच मान्य केलेली गोष्ट करत होते. बोल्यांचा ठराव कुचकामी होता असं म्हणणारे आहेत, त्यांना मी हे दाखवतो. ठरावानं दार उघडलं नाही हे खरं, पण दाराशी जाणाऱ्याला 'तू घुसखोर आहेस' म्हणायची सोय ठरावानं काढून घेतली. हल्ला करणारे गुन्हेगार ठरले, पाणी पिणारे नाही. हल्ल्याचे खटले झाले, शिक्षाही झाल्या.

आणि मग महाड म्युनिसिपालटीनं आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख ४ ऑगस्ट १९२७. बोल्यांचा ठराव पास झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. तीन वर्षं तो ठराव कुणाला टोचला नाही कारण तो कुणी वापरला नाही, वापरला आणि पाच महिन्यांत गेला. आता मात्र नकार उघड झाला होता, म्हणजे बोल्यांच्या दुसऱ्या ठरावात जी अवस्था सांगितली होती ती आता खरोखर आली होती.

कोर्टात

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला परिषद आणि सत्याग्रह जाहीर केला. त्यावर सनातनी मंडळींनी जे केलं त्याला डोकं होतं. ते दिवाणी कोर्टात गेले. १२ डिसेंबर १९२७ ला दावा दाखल, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम. म्हणणं काय, तर तळं सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचं आहे, आणि अनादि काळापासून ते अस्पृश्यांनी न वापरण्याची रूढी आहे. वर म्हटलं ना, ठरावाच्या बांधणीनं त्यांना एकच वाट ठेवली होती, ती त्यांनी धरली.

२५ डिसेंबरला परिषद भरली, जागा एका मुसलमान गृहस्थांनी दिली कारण बाकी कुणी द्यायला तयार नव्हतं, त्याच दिवशी मनुस्मृती जाळली गेली. जिल्हा मॅजिस्ट्रेट येऊन लोकांना मनाई हुकूम मोडू नका म्हणून सांगून गेले. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीनं आलेले, आणि बाबासाहेबांपुढं पेच असा की सरकार आपल्या बाजूला आहे म्हणायला कागद आहे आणि हुकूम मोडला तर भांडण सरकारशीच लागणार. सत्याग्रह पुढं ढकलायचा ठरला, मिरवणूक काढून लोक तळ्याला फेरी मारून परत आले. हे ज्यांनी सोसलं त्यांच्या संयमाबद्दल मला फार आदर वाटतो, पाणी समोर दिसतंय, आपला हक्क आहे हे माहितीय आणि तरी पाठ फिरवून चालायचं, कारण लढाई लांबची आहे.

आणि लांब म्हणजे किती लांब ते बघा. मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला पण दावा चालूच. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला, अस्पृश्यांच्या बाजूनं. ठाण्याला अपील, ते ३० जानेवारी १९३३ ला फेटाळलं. मग मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढं, निकाल १७ मार्च १९३७. पाणी घेतलं त्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी.

निकालात काय म्हटलं? रूढीचा कायदा असा की रूढी अनादि काळापासूनची असली पाहिजे आणि ती वाजवी असली पाहिजे. आणि सिद्ध करायची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर. अस्पृश्य या तळ्यावर पाणी भरत नव्हते एवढं पुराव्यात आलं, पण त्यांना दूर ठेवायचा हक्क अनादि रूढीनं मिळालाय हे वादींना सिद्ध करता आलं नाही. ती सिद्ध झाली असती तर मग ती वाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, हा प्रश्न आला असता, पण तिथपर्यंत जायची गरज पडली नाही असं कोर्टानं म्हटलं.

जिंकलो, पण कशावर जिंकलो हे नीट बघायला पाहिजे. १९२३ चा ठराव आणि १९२४ चा म्युनिसिपालटीचा ठराव हा घटनाक्रम होता, निकालाचा पाया तो नव्हता. समोरच्याला रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून जिंकलो. समजा वादींकडे अजून जुने, अजून पक्के पुरावे असते तर? मग वाजवीपणाच्या प्रश्नावर न्यायाधीशाचं मत काय पडतंय यावर सगळं अवलंबून राहिलं असतं. ठरावाचा कायदा झाला असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण कायद्यापुढं रूढी टिकत नाही. सल्ल्यापुढं टिकते.

या काळात बाबासाहेबांनी आमदार म्हणून काय केलं तेही या प्रकरणाला धरूनच आहे. १९२८ मध्ये महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या पिढीजात कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या जमिनीच्या, प्रश्नावर वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, पुढच्या वर्षी ते मागं घ्यावं लागलं. १९२८ मध्येच कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो १९२९ चा कायदा झाला. १९३७ च्या सप्टेंबरात खोती, म्हणजे कोकणातली सारावसुलीची जमीनदारी पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. बघा, ठराव नाही, विधेयकं. महाडच्या अनुभवानंतर शिफारशीवर त्यांचा भरवसा उरला नसावा असं मला वाटतं.

हे प्रकरण मी कसं वाचतो

माझं म्हणणं एवढंच आहे की १९२३ च्या ठरावात जे जे नव्हतं त्याची किंमत कुणीतरी मोजली, आणि नंतरच्या कायद्यांत त्या एकेक गोष्टी येत गेल्या. हे मी ओढूनताणून जुळवत नाही, कलमं शेजारी ठेवली की दिसतं.

राज्यघटनेचं कलम १५ (२) घ्या. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा, पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेल्या, यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. पैसा कुणाचा, ही बोल्यांची कसोटी तिथं जशीच्या तशी आहे. त्यात 'अंशतः' आलं, आणि 'जनतेसाठी दिलेल्या' आलं, म्हणजे मालकी खाजगी आहे म्हणून सुटायची वाट बरीच अरुंद झाली. आणि मुख्य म्हणजे ही शिफारस नाही, हक्क आहे, थेट कोर्टात मागता येतो. कलम १७ नं अस्पृश्यताच संपवली आणि तिच्यातून येणारी कुठलीही बंदी लादणं गुन्हा ठरवलं.

शिक्षेची तरतूद मुंबई प्रांतानं त्याआधीच १९४६ च्या सामाजिक अडचणी दूर करण्याच्या कायद्यात आणली होती, देशपातळीवर १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात नदी, झरा, विहीर, तळं, टाकी, नळ, घाट असं नाव घेऊन घेऊन लिहिलंय. बारावं कलम सांगतं की अनुसूचित जातीच्या माणसाला अडवलं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणानंच अडवलं असं कोर्ट धरून चालेल, नसेल तर अडवणाऱ्यानं सिद्ध करावं. आणि नववं कलम वाचून मला बोल्यांची फार आठवण येते, सरकारी अनुदान घेणाऱ्या देवस्थानाच्या (आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून शाळेच्या किंवा वसतिगृहाच्याही) चालकाला या कायद्याखाली शिक्षा झाली तर सरकार ते अनुदान थांबवू किंवा परत घेऊ शकतं. १९२६ च्या ठरावाचाच विचार, फक्त आता त्याला कायद्याचं बळ.

राहिली ती जाऊन बघायची गोष्ट, जी महाडच्या वेळी कुणाचंच काम नव्हती. ती यायला १९७६ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, आणि त्यात पंधरा-अ कलम घातलं. त्याप्रमाणे हे हक्क लोकांना प्रत्यक्ष वापरता यावेत यासाठी पावलं उचलणं हे राज्य सरकारचं कर्तव्य झालं, त्यात कायदेशीर मदत आली, देखरेखीसाठी अधिकारी नेमणं आलं, कुठल्या भागात बंदी पाळली जाते ते शोधणं आलं, आणि केंद्रानं दरवर्षी संसदेपुढं अहवाल ठेवणं आलं. त्याच दुरुस्तीनं तपासात मुद्दाम हयगय करणारा सरकारी नोकर गुन्ह्याला मदत करणारा धरला जाईल असंही घातलं.

बोल्यांना यातलं सगळं १९२३ मध्ये करता आलं असतं असं मी म्हणत नाही. मालमत्तेच्या अटीवर निवडून आलेल्या सभागृहात शिक्षेचं विधेयक आणलं असतं तर त्याला किती मतं पडली असती याची कल्पना कुणालाही करता येईल. ठराव पास होऊ शकला याचं एक कारण हेच असणार की त्यानं कुणाचं लगेच काही जात नव्हतं. त्यांनी जे मिळण्यासारखं होतं ते मिळवलं, मग ते चालत नाही हे दिसल्यावर स्वतःच्याच ठरावाची उणीव सभागृहात उभं राहून सांगितली आणि पुढचं मागितलं. स्वतःच्या मंजूर झालेल्या कामाला अपुरं म्हणायला हिंमत लागते, विशेषतः निवडणूक तोंडावर असताना.

म्हणून कुठल्याही आमदाराचा अहवाल हातात आला तर मी विधेयकांची आणि ठरावांची संख्या सोडून देतो आणि त्यातला एकच विषय उचलतो. आदेश निघाला का, आणि निघाला तर त्यात 'करावे' लिहिलंय की 'विचार व्हावा'. न करणाऱ्याचं काय होणार ते लिहिलंय का. प्रत्यक्षात काय झालं हे बघायला कुणाला नेमलंय. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच विषयावर त्याच आमदारानं पुन्हा तोंड उघडलंय का. विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी चाळल्या तर हे सापडतं, वेळ लागतो पण सापडतं. तुमच्या मतदारसंघाचं असं एखादं प्रकरण शोधलंत तर सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करा, कारण त्याचं उत्तर 'हो' असेल तर बाकीची उत्तरं बहुतेक त्या आमदाराच्या दुसऱ्या भाषणातच मिळतात.